उघड्या नळीपुढे बोलू नये

गुरांच्या रोगावर औषध शोधणारे शास्त्रीबुवा गाईला घाबरायचे, आणि ही गोष्ट ते स्वतःच चारचौघांत रंगवून सांगायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी गोठ्यात गेले तेव्हा एका गाईने नुसती मान वळवून पाहिलं, तर बुवा चाऱ्याच्या ढिगावर चढून बसले, आणि त्यांना खाली उतरवायला दोन माणसं लागली. "गाईला विषाणूपासून मी वाचवतो, पण मला गाईपासून कुणी वाचवायचं?" असं म्हणून आधी ते हसायचे, मग बाकीचे. पोटावरून, टकलावरून, नऊ वर्षांत एकही औषध बाहेर न पडल्यावरून, कशावरूनही स्वतःवरचा विनोद त्यांच्याकडे तयार असायचा. लोक म्हणायचे, एवढा शिकलेला माणूस, पण गर्व म्हणून नाही. बुवांनाही ते पटायचं. स्वतःवर हसण्यात एक मोठी सोय असते, विषय आपल्याला निवडता येतो.

शास्त्रीबुवा हे त्यांचं नाव नव्हे. पशुरोग संस्थेतल्या प्रयोगशाळेत त्यांनी जे कडक सोवळं चालवलं होतं, त्यावरून लोकांनी ते ठेवलं होतं. त्या सोवळ्याकडे येऊच, पण आधी घरचं.

घरी डॉक्टर म्हणून मान होता तो सासऱ्यांना. त्यांनी चाळीस वर्षं गुरांची डॉक्टरकी केली होती, खांद्यापर्यंत हात घालून अडलेली वासरं ओढून काढली होती. सासूबाई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले होते. जावयाच्या संशोधनाबद्दल त्यांचं म्हणणं एवढंच, "जावईबापू, औषध लागू पडायचं तेव्हा पडेल, आधी गाईशी ओळख तरी करून घ्या."

रोज सकाळी दोघांचं पेपरवरून वाजायचं. बुवांना कामावर जायचं म्हणून पेपर आधी त्यांच्या हातात. सासऱ्यांकडे तो येईपर्यंत प्रत्येक पानाचा खालचा कोपरा ओला झालेला.

"अहो, तुम्ही पानं उलटता की चाटता?" सासरे ओरडायचे. "मला मिळतो तेव्हा पेपरला सर्दी झालेली असते!"

"लहानपणची सवय आहे बाबा," बुवा म्हणायचे. "शाळेत पुस्तकातलं डोक्यात कमी गेलं, पोटात जास्त." सगळे हसायचे आणि बुवा डबा घेऊन निघायचे.

आता काम. लाळ-खुरकूत झालेल्या जनावराच्या तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात, जिभेवर आणि खुरांत फोड येतात, ते खात नाही की चालत नाही. या रोगाचा विषाणू जनावराच्या पेशीत शिरतो आणि एखाद्या परक्याने स्वयंपाकघरात चिठ्ठी सरकवावी तसा आपला आरएनए आत सरकवतो. चिठ्ठीत लिहिलेलं असतं, माझ्यासारखे आणखी हजारो कर. पेशी बिचारी भोळी. लिहिलंय म्हणजे करायचं, एवढंच तिला ठाऊक. बुवा आरएनएचा जो चिमुकला तुकडा बनवत होते, तो त्या चिठ्ठीतल्या एका ओळीशी तंतोतंत जुळायचा. तो आधीच पेशीत जाऊन बसला, की पेशीला खूण मिळते आणि तशी ओळ दिसताच ती चिठ्ठी फाडून टाकते. लस अंगात मुरायला आठवडा घेते, हा तुकडा दुसऱ्या दिवशी कामाला लागेल, अशी बुवांची आशा होती. साथ शेजारच्या गोठ्यापर्यंत आली असेल, तर त्या एका आठवड्यात होत्याचं नव्हतं होतं.

"म्हणजे चुगलखोर औषध," सासरे म्हणाले होते. "चालेल. चुगलखोर माणूस वेळेला उपयोगी पडतो."

अडचण अशी, की हा चुगलखोर फार नाजूक. त्याचा भुगा करणारं विकर, म्हणजे एन्झाइम, माणसाच्या कातडीवर असतं, घामात असतं, थुंकीत असतं. चरबीच्या अतिसूक्ष्म थेंबांत गुंडाळला की त्याच्या अंगावर पांघरूण येतं, पण त्याआधी, बोटाच्या पेराएवढ्या नळ्यांत भरलेला असतो तेव्हा तो उघडाच. म्हणून ते सोवळं. हातमोज्यांवर हातमोजे, ते पंधरा मिनिटांनी बदलायचे. कुणी खोकलं की त्या दिवसाचं काम ओतून द्यायचं. आणि भिंतीवर लाल अक्षरांत पाटी, 'उघड्या नळीपुढे बोलू नये.' बोलताना तुषार उडतात, हे खरंच. पण पाटी लागल्यापासून प्रयोगशाळेत बुवांना उलट उत्तर देणारंही कुणी उरलं नव्हतं, आणि त्यांना ते अजिबात खटकलं नव्हतं.

नळ्या हाताळायचं काम नोंदबाईंकडे होतं. पन्नाशीच्या तंत्रज्ञ, एकोणीस वर्षं याच खोलीत. जे जे घडेल ते वेळेसकट वहीत लिहायचं, हा त्यांचा नेम. 'दहा वीस. वीज गेली. दहा बावीस. आली.' इतकं. रोज संध्याकाळी ती वही बुवांपुढे यायची आणि बुवा प्रत्येक पानाखाली सही करायचे. सही करताना ते बहुधा फोनवर बोलत असायचे.

तीन वर्षांत दोन चाचण्या फसल्या होत्या. तिसरीसाठी आठ वासरं आणली. चार वासरांना औषध, चार वासरांना नुसते चरबीचे थेंब, मग आठही वासरांना बंदिस्त गोठ्यात विषाणूची लागण. बुवांनी खात्रीने सांगितलं होतं की यावेळी औषधवाली चार कोरडी राहतील. तिसऱ्या दिवशी आठही वासरांच्या तोंडाला तारा लागल्या. कुणाला औषध दिलंय आणि कुणाला नाही, हे कागद पाहिल्याशिवाय सांगता येईना.

सात वासरं हळूहळू सावरली. सात नंबरचं वासरू सगळ्यांत लहान होतं, आणि ते औषधवाल्या चौघांतलं होतं. हा रोग कधी कधी लहान वासरांचं काळीज धरतो. जिभेवर फोड, त्यामुळे ते दूध ओढेना. नोंदबाई अंगभर पोशाख चढवून गोठ्यात जायच्या आणि त्याचं डोकं मांडीवर घेऊन बाटलीने थेंब थेंब पाजायच्या. बुवा काचेपलीकडून बघायचे. सहाव्या दिवशी दुपारी ते गेलं. नोंदबाई नियमाप्रमाणे आंघोळ करून ओल्या केसांनी बाहेर आल्या आणि वहीत लिहिलं, 'दोन पस्तीस. सात नंबर गेलं.'

बुवांना रडू फुटलं. रडू आलं की काही माणसं चिडतात, बुवा त्यातले. त्याच दुपारी त्यांनी संचालकबाईंना पत्र लिहिलं. 'नळ्यांच्या हाताळणीत वारंवार निष्काळजीपणा झाल्याचं दिसतं. संबंधित तंत्रज्ञांची बदली चाऱ्याच्या कोठारात करावी.' गुरुवारी बैठक ठरली.

आपण पाठीमागे काही करत नाही असा बुवांचा लौकिक होता, म्हणून त्यांनी ते नोंदबाईंना तोंडावर सांगितलं.

"बाई, नळ्यांत काहीतरी शिरतंय. आणि नळ्या तुमच्या हातात असतात."

"हो सर."

"तुम्हाला काही म्हणायचंय?"

मेजावर दोन नळ्या उघड्या होत्या. नोंदबाईंनी नळ्यांकडे पाहिलं, पाटीकडे पाहिलं, उठल्या आणि झाकणं लावली. मग म्हणाल्या, "वहीत आहे सर सगळं."

बुवांना हा उद्धटपणा वाटला. एकोणीस वर्षं इथे राबलेली बाई कोठारात पोती मोजायला जाणार, तिने निदान बाजू तरी मांडायला हवी होती, असं त्यांना वाटलं. बाजू मांडली असती तर ती खोडता आली असती.

बुधवारी सकाळी पुरावा गोळा करायला ते लवकर आले. ते विकर शोधायची एक तबकडी मिळते. तिच्या कप्प्यांत द्रव असतो, ज्या वस्तूचा संशय ती कापसाच्या काडीने पुसायची, काडी द्रवात बुडवायची. विकर असेल तर निळ्या दिव्याखाली कप्पा हिरवा चमकतो. बुवांनी नोंदबाईंचे हातमोजे पुसले, थेंब मोजायचं यंत्र पुसलं, पेन पुसलं, खुर्चीचा हात पुसला, मेजावरच्या त्यांच्या कामाच्या चष्म्याची दांडीसुद्धा सोडली नाही. बावीस कप्पे. बावीसच्या बावीस काळेकुट्ट. इतकी स्वच्छ बाई बुवांनी जन्मात पाहिली नव्हती, आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

ताडून पाहायला एक कोरी नळी हवी होती. कालच उघडलेल्या पाकिटातली त्यांनी घेतली. नवं पाकीट उघडायचं काम बुवा दुसऱ्या कुणाला करू देत नसत, तो त्या सोवळ्यातला मुख्य विधी होता. त्या कोऱ्या नळीचा कप्पा काजव्यासारखा चमकला.

पाकीटच खराब आलं, हा पहिला विचार. लगेच त्यांनी न उघडलेलं दुसरं पाकीट घेतलं. पातळ प्लास्टिक, दोन्ही पदर एकमेकांना चिकटलेले, हातमोज्याने सुटेनात. बुवांनी उजवा हातमोजा काढला, अंगठा जिभेला लावला, आणि अंगठा तिथेच राहिला.

तुम्ही पानं उलटता की चाटता?

कितीतरी वेळ ते तसेच उभे होते, तोंडात अंगठा घालून, तान्ह्या पोरासारखे. मग त्यांनी शेवटची काडी अंगठ्यावर फिरवली आणि द्रवात बुडवली. तो कप्पा असा पेटला की शेजारचे काळे कप्पेही हिरवे दिसायला लागले. ओल्या अंगठ्याने पाकिटाचं तोंड सुटायचं, मग बुवा नवा कोरा हातमोजा घालून त्याच ओल्या तोंडातून एकेक नळी काढायचे आणि नोंदबाईंच्या हाती द्यायचे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हा पाषाण कोरडा असता तर काही बिघडलं नसतं.

मग त्यांनी वही काढली.

'नऊ पाच. सरांनी उजवा हातमोजा काढला. अंगठा जिभेला लावला. पाकीट उघडलं. नवा हातमोजा घातला. नऊ सात. नळ्या मिळाल्या.'

ही नोंद एकदा नव्हती. प्रत्येक नव्या पाकिटाला होती, तिन्ही चाचण्यांत, तीन वर्षं. प्रत्येक पानाखाली बुवांची सही. आणि पहिल्या वर्षातल्या एका पानावर, 'नऊ सहा. सरांना अंगठ्याबद्दल सांगायला गेले. नळ्या उघड्या होत्या. सरांनी पाटीकडे बोट दाखवलं.' त्याखालची सही जरा मोठीच होती, शेपटीला वळण देऊन केलेली.

बुवा वही मिटून बसले. सात नंबर आपल्या अंगठ्याने गेलं. हे वाक्य त्यांच्या डोक्यात आलं आणि हलेना. त्यावर एकही विनोद सुचत नव्हता.

सुटायच्या वाटा होत्या. पाकिटं सदोष निघाली, असं सांगता आलं असतं. पण आलेली पाकिटं तपासून घ्यायचं काम कुणाचं? नोंदबाईंचं. कारण कळलं नाही, पत्र मागे घेतो, असं म्हणता आलं असतं. पण कारण कळत नाही तोवर संशय कुणावर? त्यांच्यावरच. बुवांनी तीन मसुदे लिहिले. तिन्हींच्या शेवटी नोंदबाई कोठारातच उभ्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी सासऱ्यांना सगळं सांगितलं. आता हा माणूस महिनाभर आपली सालटी काढणार, अशी तयारी ठेवूनच सांगितलं. सासरे हसले नाहीत.

"नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका गाईला दुप्पट औषध टोचलं," ते म्हणाले. "गाय गेली. मालकाला सांगितलं, आधीच खंगलेली होती हो तुमची गाय. त्याने माझे आभार मानले. नंतर चाळीस वर्षं मी त्याच्या दारावरून गेलो नाही. लांबचा रस्ता घ्यायचो."

"मग मी काय करू बाबा?"

"मला कशाला विचारता? मी लांबच्या रस्त्यावरचा माणूस."

गुरुवारी बैठकीला संचालकबाई, दोन विभागप्रमुख आणि दाराजवळच्या खुर्चीत वही मांडीवर घेतलेल्या नोंदबाई होत्या. बुवा उठले आणि सवयीने सुरुवात केली, "चोर सापडलाय. जेवतो भरपूर आणि गाईला घाबरतो."

विभागप्रमुख हसले. नोंदबाई हसल्या नाहीत. बुवांच्या लक्षात आलं, आपण पुन्हा सोयीचा विषय निवडतोय. आणखी दोन विनोद केले तर सगळं हसण्यावारी जाईल, चहा येईल, आणि सात नंबरचं नावही निघणार नाही.

"बाई, वही देता?" ते म्हणाले.

आणि त्यांनी वाचायला सुरुवात केली. अंगठ्याची एकही नोंद न गाळता. सरांनी हातमोजा काढला, अंगठा जिभेला लावला. सरांनी हातमोजा काढला, अंगठा जिभेला लावला. चौथ्या नोंदीपर्यंत एक विभागप्रमुख खुसखुसत होते, दहाव्या नोंदीला तेही थांबले. वाचून संपायला अकरा मिनिटं लागली. पानं उलटताना बुवांचा अंगठा दोनदा तोंडाकडे निघून परत फिरला.

"माझं पत्र खोटं आहे," ते म्हणाले. "बाईंनी पहिल्याच वर्षी सांगायचा प्रयत्न केला. मी त्यांना गप्प बसवलं. मी ऐकलं असतं तर सात नंबर कदाचित जगलं असतं. मग ते मेल्याचं खापरही मी त्यांच्यावर फोडलं."

"प्रत्येक पानावर तुमची सही आहे," संचालकबाई म्हणाल्या.

"हो."

"न वाचता केलीत?"

"न वाचता केली."

संचालकबाईंनी पत्राचे दोन तुकडे केले. चौथी चाचणी होईल, पण पाकिटं नोंदबाई उघडतील, आणि बुवा वाचल्याशिवाय सही करणार नाहीत, असं त्यांनी लिहून घेतलं. दुपारच्या चहापर्यंत संस्थेत बुवांचं नवं बारसं झालं होतं, अंगठेबहाद्दर. न वाचता सही करणारा तो अंगठेबहाद्दरच, यात कुणाची चूक काढणार? हा विनोद मात्र बुवांनी निवडलेला नव्हता. तो लागला, आणि बरेच दिवस लागत राहिला.

बैठकीनंतर त्यांनी नोंदबाईंना गाठलं. "बाई, मला माफ करा."

"माफीचं बघू सर," नोंदबाई म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला बुवांनी पहिल्यांदा ऐकला. "त्या वासराचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तुम्ही काचेतून बघत होतात."

बोट दाखवायला आता पाटीही जवळ नव्हती.

चौथ्या चाचणीच्या सकाळी नोंदबाईंनी कात्रीने पाकीट कापलं. बुवा दोन्ही हात पाठीमागे धरून उभे होते. काहीतरी चांगलं बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर मान वर न करता नोंदबाईंनी पाटीकडे बोट दाखवलं. बुवांनी तोंड मिटलं.

लागणीनंतरच्या तिसऱ्या दिवशी जिभा तपासायच्या होत्या. अंगभर पोशाख, रबरी बूट, आत आठ वासरं. नोंदबाईंनी दार उघडून धरलं आणि त्यांच्या मागोमाग बुवा आत आले, पायाखाली जमीन आहे ना याची प्रत्येक पावलाला खात्री करत. एक नंबर आणि दोन नंबर औषधाविना होती, त्यांच्या तोंडाला तारा लागलेल्या. तीन नंबर औषधवालं. बुवांनी त्याचा जबडा दोन्ही हातांनी धरला. वासराने त्यांच्या हातमोज्यावर जोरात फुसकारा सोडला, बुवांनी डोळे मिटले, पण जबडा सोडला नाही. नोंदबाईंनी बॅटरीचा झोत आत टाकला.

संध्याकाळी वही बुवांपुढे आली. त्यांनी फोन उलटा ठेवला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. शेवटून दुसरी नोंद होती, 'चार दहा. तीन नंबर. जीभ स्वच्छ, फोड नाही. पाच, सहा, आठ हीच स्थिती.' ही नोंद बुवांनी तीनदा वाचली. मग शेवटची, 'चारही तोंडं सरांनी धरली. सर थरथर कापत होते.'

"हे लिहायलाच हवं का बाई?"

"घडलं ना सर?"

मेजावर एकही नळी उघडी नव्हती, बोलायला कसलीच आडकाठी नव्हती. बुवांनी पेन उचललं आणि सही केली.